टेबलामागचा माणूस

२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्रीस्टाईल कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सातारा जिल्ह्यात ही गोष्ट शाळकरी पोरालाही माहीत असते. कराड स्टेशनवरून निघालेली १५१ बैलगाड्यांची मिरवणूकही माहीत असते. पदकाच्या दिवसाचा आणखी एक तपशील मात्र मिरवणुकीइतक्या उत्साहाने सांगितला जात नाही.

कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा शेवटच्या टप्प्यात पोचले होते. तिथे एक लांबलेली, दमछाक करणारी कुस्ती आटोपून ते मॅटवरून उतरले, तोच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारा झाला. समोर होता सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो पंचांसमोर मांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. खाशाबांची हकीकत जिथे जिथे नोंदली गेली आहे, तिथे हे वाक्य येतंच. दमलेल्या अंगाने ते पुन्हा मॅटवर गेले आणि हरले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेलं, रौप्य मामादबेयोवने.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र त्या अर्ध्या तासावर खाशाबांचा हक्क होता, तो नियमातच लिहिलेला होता आणि तो मागायला कुणी नव्हतं म्हणून गेला, एवढं स्पष्ट आहे. परदेशातल्या स्पर्धांमध्ये अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, अशी तक्रार खेळाडू करतात तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हॉटेलची खोली, जेवण, विमानाचं तिकीट येतं. खेळाडू फारच लाड मागतात, असा सूरही लागतो. मला वाटतं, ही तक्रार समजून घ्यायची असेल तर पथकासोबत गेलेल्या अधिकाऱ्याचं काम नेमकं काय असतं, इथून सुरुवात करायला हवी.

हे काम आपल्याकडे रोज दिसतं. जावळी तालुक्याच्या शालेय स्पर्धा मेढ्याला भरोत किंवा आणखी कुठे, प्रत्येक शाळेच्या मुलांसोबत पी.टी.चे सर किंवा मॅडम असतात. मुलांची नावं यादीत आहेत ना ते बघायचं, वयाचा दाखला दाखवायचा, शर्यत किती वाजता आहे ते विचारून ठेवायचं, पाण्याची बाटली धरून कडेला उभं राहायचं, आणि पंचाने चुकीचा निर्णय दिला तर टेबलाजवळ जाऊन हरकत घ्यायची. यातलं काहीही मुलाने स्वतः करावं अशी अपेक्षा कुणी करत नाही, कारण त्याचं काम पळायचं. ऑलिंपिकमधला पथक व्यवस्थापक नेमकं हेच काम करतो. फरक इतकाच, की तिथले नियम छापील, काटेकोर आणि परक्या भाषेत असतात, आणि चुकीला माफी नसते.

मॅरेथॉनचंच बघा. ४२.१९५ किलोमीटरच्या या शर्यतीत पाणी कुठेही, कुणाकडूनही घेता येत नाही. साधारण दर पाच किलोमीटरवर पेयांची टेबलं लावलेली असतात आणि दोन टेबलांच्या मध्ये आयोजकांकडून साध्या पाण्याची सोय असते. धावपटूला स्वतःचं पेय हवं असेल, म्हणजे ग्लुकोज, क्षार किंवा त्याच्या सरावातलं काही, तर पथकाने ते आधी आयोजकांकडे सोपवायचं असतं. मग ते त्या त्या टेबलावर ठेवलं जातं. टेबलामागे एका देशाचे एका वेळी जास्तीत जास्त दोन अधिकारी उभे राहू शकतात. बाटली त्यांनी हातात द्यायची, खेळाडूबरोबर पळायचं नाही. ठरलेल्या जागेबाहेर कुणाकडून पेय घेतलं तर खेळाडू अपात्र ठरू शकतो. म्हणजे शर्यतीतल्या बाईला तहान लागली, रस्त्याकडेला तिच्या देशाचा माणूस बाटली घेऊन उभा आहे, तरीही त्या माणसाची जागा चुकीची असेल तर ते पाणी तिच्या उपयोगाचं नाही. टेबलामागच्या त्या दोन जागा इतक्या महत्त्वाच्या असतात.

१४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओमध्ये महिलांची मॅरेथॉन सकाळी साडेनऊला सुरू झाली. भारताच्या दोघी धावल्या: केरळची ओ. पी. जैशा आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. जैशाने आदल्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. रिओत तिला २ तास ४७ मिनिटं १९ सेकंद लागले, ती ८९वी आली आणि अंतिम रेषेवर कोसळली. मायदेशी परतल्यावर तिने सांगितलं, की इतर देशांच्या टेबलांवर पेयं घेऊन माणसं उभी होती, आणि भारताच्या टेबलावर देशाचं नाव आणि झेंडा होता, माणूस नव्हता. आयोजकांचं पाणी मिळायचं ते फार अंतराने, असंही ती म्हणाली. देशभर संताप उसळला.

भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने आरोप फेटाळला. स्वतंत्र पेय हवं का, असं शर्यतीआधी विचारलं होतं आणि खेळाडू व प्रशिक्षकांकडूनच नकार आला, असं त्यांचं म्हणणं. कविता राऊतने सांगितलं, की तिला विचारणा झाली होती आणि तिला गरज वाटली नव्हती. क्रीडा मंत्रालयाने दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली.

या वादात कोण खरं, याचा निवाडा वर्तमानपत्रांच्या रकान्यांत कित्येक दिवस चालला. मला त्यात दुसरीच गोष्ट टोचते. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये पेयाचा प्रश्न तोंडी विचारून तोंडी मिटतोच कसा? धावपटूचं नाव, कोणत्या टेबलावर काय हवं, बाटलीवर कोणती खूण, टेबलामागे कोण उभं राहणार, हे एका कागदावर लिहून खाली खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा तिघांच्या सह्या घेतल्या असत्या, तर हा वाद पाच मिनिटांत संपला असता. आणि समजा जैशाने खरोखरच नकार दिला होता, तरीही टेबलामागे माणूस उभा करायला काय हरकत होती? उन्हात तीस किलोमीटर पळाल्यावर माणसाचा विचार बदलू शकतो. जी गोष्ट मेढ्यातल्या पी.टी.च्या सरांना सांगावी लागत नाही, ती ऑलिंपिक पथकाला का सांगावी लागते?

त्याच रिओमध्ये, त्याच पथकात, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेस धावत होती. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत गेली होती, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ही पहिली भारतीय महिला. अंतिम शर्यतीत ललिता दहावी आली. स्टीपलचेस दहा मिनिटांच्या आत संपते, वाटेत कुणी बाटली द्यावी लागत नाही. मॅरेथॉनचं तसं नाही. जितका वेळ जास्त, जितके टप्पे जास्त, तितकं खेळाडूचं नशीब इतरांच्या हातात जास्त. म्हणून दुर्लक्षाच्या तक्रारी सगळ्या खेळांतून सारख्या येत नाहीत. लांब पल्ल्याचं धावणं, दिवसभर चालणारी कुस्ती, आणि जिथे सोबतीशिवाय हिंडताच येत नाही असे दिव्यांगांचे खेळ, इथे त्या जास्त येतात.

दिव्यांग खेळाडूंचा विषय निघाला की मला बर्लिन आठवतं. जुलै २०१७ मध्ये मूळच्या अमरावतीच्या आणि नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे पॅरा जलतरणाच्या स्पर्धेसाठी तिथे गेल्या होत्या. सरकारने मंजूर केलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. परक्या शहरात, डोळ्यांनी दिसत नसताना, पैशांसाठी लोकांपुढे हात पसरायची वेळ त्यांच्यावर आली. बातमी फुटल्यावर भारतीय क्रीडा प्राधिकरण म्हणालं, आम्ही रक्कम पॅरालिंपिक समितीला दिली होती. समितीने चूक प्राधिकरणावर ढकलली. अशा परिस्थितीतही त्यांनी तिथे रौप्यपदक मिळवलं, जागतिक स्पर्धेसाठी पात्रता गाठली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीत २०० मीटर मेडलेमध्ये सुवर्ण जिंकलं.

इथे पैशाचा प्रवास समजून घेणं गरजेचं आहे. परदेशातल्या स्पर्धेच्या खर्चासाठी सरकार खेळाडूला थेट पैसे क्वचित देतं. मंत्रालयाकडून किंवा प्राधिकरणाकडून निधी राष्ट्रीय महासंघाला जातो आणि महासंघ तिकिटं, हॉटेल, प्रवेश शुल्क, रोजचा भत्ता भागवतो. मंजुरी अनेकदा प्रवासाच्या तोंडावर येते, कधी खर्च आधी करून बिलं नंतर सादर करायची असतात. मध्ये एक जरी कागद अडकला तर विमानतळावर उतरलेल्या खेळाडूच्या हातात काहीच नसतं. आणि नंतर विचारलं तर प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं. कांचनमालांच्या बाबतीत झालं ते असं. खलनायक शोधायला गेलात तर कुणी सापडणार नाही. काम वाटून दिलेलं असतं, ते पुरं झालं का हे बघण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

खाशाबांच्या वाट्याला तर निधीचा हा प्रवासही आला नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर गेले. मातीत कुस्ती खेळणारा हा मल्ल मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांशी अनोळखी असूनही तिथे सहावा आला. हेलसिंकीच्या वेळी निवडीवरूनच वाद झाला. आपल्यावर अन्याय झाला म्हणून ते पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागायला गेले, आणि पुन्हा लावलेली कुस्ती जिंकून त्यांनी जागा मिळवली. मुंबई सरकारकडे मागितलेली मदत मिळाली नाही. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने घर गहाण टाकून ज्याला पाठवलं, त्याच्यासाठी अर्धा तास मॅटशेजारी थांबणारं कुणी नव्हतं. हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं.

हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले, हेही सांगून ठेवतो. एकाच पथकातले दोन मल्ल पदकाच्या इतके जवळ पोचले होते. त्यानंतर पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकलं. मधली ४४ वर्षं भारतीय माणसात दम नव्हता, असं मानायला मी तयार नाही.

योग्य वेळी योग्य टेबलाजवळ माणूस असला तर काय होतं, याचं उदाहरणही आपल्यापुढे आहे. १ ऑक्टोबर २०२३, हांगझोउ आशियाई स्पर्धा, महिलांची १०० मीटर अडथळा शर्यत. शेजारच्या लेनमधल्या चीनच्या वू यान्नीने इशाऱ्याआधी सुरुवात केली, तिच्या हालचालीने ज्योती याराजीही सुटली. पंचांनी दोघींनाही लाल कार्ड दाखवलं. ज्योतीने तिथेच ठाम हरकत घेतली, ती ट्रॅकवरून हलली नाही. चित्रफीत तपासली गेली आणि दोघींना धावू दिलं. ज्योती तिसरी आली. शर्यत संपताच भारतीय पथकाने, त्यात स्वतः ऑलिंपिकपटू असलेली अंजू बॉबी जॉर्ज होती, अधिकृत तक्रार लावून धरली. वू अपात्र ठरली आणि ज्योतीचं कांस्य रौप्य झालं. तीनच दिवसांनी भालाफेकीत नीरज चोप्राचा पहिला थ्रो मोजलाच गेला नाही आणि किशोर जेनाचा एक थ्रो चुकीचा ठरवला गेला. तिथेही हरकत घेतल्यावर जेनाचा थ्रो वैध झाला.

ॲथलेटिक्समध्ये निकालावर हरकत घ्यायची असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत ती नोंदवावी लागते. खेळाडू स्वतः, त्याच्या वतीने दुसरं कुणी किंवा पथकाचा प्रतिनिधी ती नोंदवू शकतो. पंचाचा निर्णय पटला नाही तर अपील मंडळाकडे लेखी अर्ज आणि सोबत अनामत रक्कम भरायची. त्यालाही मुदत तीसच मिनिटांची. आता विचार करा: नुकतंच ऊर फुटेस्तोवर पळालेलं विशीतलं पोर, इंग्रजी जेमतेम, खिशात पाकीट नाही, कारण शर्यतीच्या चड्डीला खिसाच नसतो. त्याने त्या अर्ध्या तासात कार्यालय शोधायचं, अर्ज लिहायचा, अनामत भरायची? नियम त्याला हक्क देतो, पण तो वापरायला त्याच्यासोबत माणूस लागतो. हांगझोउमध्ये नियम माहीत असणारे, मैदानावर हजर असणारे आणि भांडायला तयार असणारे लोक होते. हेलसिंकीत नव्हते.

माणसं कमी पडतात म्हणून हे होतं का? पूर्वी पडत असतील. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ११७ खेळाडूंसोबत १४० प्रशिक्षक, डॉक्टर, व्यवस्थापक आणि इतर साहाय्यक गेले. क्रीडाग्रामात राहण्याची मुभा मात्र त्यांपैकी ६७ जणांनाच होती. ही मर्यादा आयोजक घालतात. गळ्यातल्या ओळखपत्रावर कोणकोणत्या दरवाजातून जाता येईल ते छापलेलं असतं. सराव मैदान चालेल, स्पर्धेचं मैदान नाही. जेवणघर चालेल, खेळाडूंची खोली नाही. त्यामुळे एखाद्या ओळखपत्रावर खेळाशी संबंध नसलेला माणूस गेला, तर कुणाचा तरी फिजिओ किंवा मालिशवाला दाराबाहेर राहतो. रिओमध्ये तर आपल्या क्रीडामंत्र्यांसोबतचे लोक परवानगी नसलेल्या जागी शिरतात, अशी लेखी तक्रार आयोजन समितीने भारतीय पथकाकडे केली होती. मंत्र्यांनी तो गैरसमज असल्याचं सांगितलं. तरीही त्या ऑलिंपिकच्या दोन बातम्या, एकीत जागा नसलेल्या ठिकाणी माणसं आणि दुसरीत जागा असून रिकामं टेबल, शेजारी ठेवून वाचल्या की वाईट वाटतं.

मग खेळाडू वेळेवर तक्रार का करत नाहीत, परत आल्यावर का बोलतात, असं विचारणारे असतात. त्यांनी निवडीची साखळी बघावी. जिल्ह्याहून राज्य, राज्याहून राष्ट्रीय शिबिर, शिबिरातून पथक. प्रत्येक पायरीवर त्याच संघटनेची माणसं. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हातात पुढच्या स्पर्धेची यादी. धावपटूची किंवा मल्लाची उमेदीची वर्षं सात-आठ. त्यातलं एक जरी वर्ष यादीतून नाव वगळल्यामुळे गेलं तरी परत मिळत नाही. म्हणून बहुतेक जण निवृत्त होईपर्यंत गप्प बसतात, आणि मग बोलले की लोक म्हणतात, इतकी वर्षं कुठे होतात?

गप्प राहण्याचे आणि विसरले जाण्याचे परिणाम किती लांब जातात, ते सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांना विचारावं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. भारताचं हे पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला २०२५ च्या जानेवारीत, तोही त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट येऊन गेल्यावर. खाशाबांना अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. १९८४ मध्ये अपघाती निधन होईपर्यंत पोलिस खात्यातून निवृत्त झालेला हा ऑलिंपिकवीर हलाखीतच जगला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना जागा, खेळाडूंची स्वतंत्र समिती, महासंघांवर देखरेखीसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडवायला क्रीडा न्यायाधिकरण, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. निवडीत अन्याय झालेल्या खेळाडूला महाराजांचं दार ठोठावावं लागू नये, यासाठी हे पाऊल मोलाचं आहे, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. मात्र ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल यांसारख्या स्पर्धांमधले वाद या न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, कारण ते आंतरराष्ट्रीय यंत्रणांच्या अखत्यारीत येतात. म्हणजे मैदानावरच्या त्या तीस मिनिटांत मदत करायला कायदा येणार नाही. तिथे पथकातलं कुणीतरीच लागणार.

तोवर एक गोष्ट खेळाडू, पालक आणि गावचे प्रशिक्षक यांनी करता येण्यासारखी आहे. मेढ्याहून केळघरकडे किंवा साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या पोरांपैकी कुणी उद्या भारताच्या कपड्यात परदेशी जाईल, तेव्हा विमानात बसण्याआधी त्याने संघटनेकडून चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. माझ्या स्पर्धेच्या वेळी मैदानावर पथकातलं कोण असेल आणि त्याचा फोन नंबर काय. हरकत घ्यायची वेळ आली तर अर्ज कोण लिहील आणि अनामत कोण भरेल. माझं पेय, माझं औषध, माझं साहित्य कुणाच्या ताब्यात असेल. आणि रोजचा भत्ता निघण्याआधी खात्यात जमा होईल की तिथे गेल्यावर. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तर विचारल्याचा कागद जपून ठेवावा. पुढे चौकशी समिती बसली, तर रिओच्या वेळी जो कागद कुणाकडेच नव्हता तो निदान एकाकडे असेल.